पहिला जोड

साहेबांनी पटाशी फटीत घालून जरा पिळली मात्र, दोन्ही तुकडे बिस्किटासारखे अलग झाले. सरसाचा थर सपशेल सुटला होता. लाकडाचं एक कुसळही तुटलं नव्हतं.

"नापास," साहेब म्हणाले.

साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. उत्तनच्या किनाऱ्यावर, पास्कूमामाच्या होड्या बांधायच्या मांडवात, मी विमान बांधायला निघालो होतो. एका माणसाचं, लाकडी. सांताक्रूझच्या वर्कशॉपमध्ये अठरा वर्षं मी दुसऱ्यांची विमानं दुरुस्त केली, आता एक स्वतःचं हवं होतं. बोटीवर नोकरीला असलेल्या माझ्या भावाने, लुईसने, अमेरिकेहून सुट्या भागांचं भलंमोठं खोकं आणलं होतं. सरकारी तपासनीस म्हणून आलेल्या या साहेबांची अट साधी होती. खोक्यातल्याच लाकडाचे दोन तुकडे चिकटवून दाखवा. तोडताना लाकूड फाटलं पाहिजे, सरस सुटता कामा नये. जमलं तर कामाला परवानगी, नाहीतर खोकं बंद.

सुतारकाम मी मामाकडे सोपवलं होतं. उत्तनपासून वसईपर्यंत त्याच्या हातच्या होड्या पाण्यावर होत्या. एक डोळा मिटला की त्याचं माप झालं. फूटपट्टी घेऊन काम करणाऱ्यांना तो कारकून म्हणायचा. त्याला आपल्या हाताचा गर्व होता आणि तो त्याला शोभायचा.

साहेबांनी तुकडा नाकाशी नेला. "टोनी, याला मासळीचा वास कसा?"

मला हसू आलं. उत्तनमध्ये कशाला मासळीचा वास नसतो? जन्म इथे काढलेल्या आमच्या नाकांना तो कळतही नाही. मामा मात्र हसला नाही. तो उठून उभा राहिला.

"तेल हाय ते, साहेब. मुशीचं. मीच लावलं."

मग सगळं बाहेर आलं. आठवडाभर मी ड्यूटीवर होतो. मामाने खोकं उघडलं, तर आत पांढऱ्याफटक, कोरड्या पट्ट्या. आमच्याकडे नवं लाकूड खाऱ्या हवेत असं कुणी ठेवत नाही, त्याला मुशी माशाच्या काळजाचं तेल पाजतात. मामा आणि विल्मामामी दोन दिवस फडकी घेऊन बसले आणि एकूणएक पट्टी चोळून काढली. होडीला खिळे असतात, तेलाने तिचं काही बिघडत नाही. विमानाच्या पंखाचा सगळा भार सरसावर, आणि तेलावर सरस धरत नाही. हे मला अठरा वर्षं माहीत होतं. त्याला सांगायचं तेवढं सुचलं नव्हतं.

तरी ओरडलो मीच. "तुला सांगितलं होतं कोणी? होडकं हाय का हे?"

परक्या माणसासमोर. मामा खाली मान घालून उभा राहिला. मला त्या ओरडण्याची आजही शरम वाटते.

साहेब भला माणूस. त्यांनी स्वतः वाकून खोकं तपासलं. पंखांचे लांब वासे आणि एक जादा फळी तळाशी मेणकागदात तशीच होती. मामीला तो कागद घरात वापरायला न फाटता हवा होता, म्हणून तिने मामाला त्या पुडक्याला हात लावू दिला नव्हता.

"या फळीतून नव्या पट्ट्या काढा," साहेब म्हणाले. "पंधरा दिवसांनी येतो. पण माप म्हणजे माप. केसाचाही फरक चालणार नाही."

दोन दिवस मामा मांडवाकडे फिरकला नाही. रुसला असेल, असं मी धरून चाललो. तिसऱ्या दिवशी सकाळी तो आला तो भाईंदरहून आणलेली नवी करवत आणि नवा रंधा घेऊन. जुन्या हत्यारांच्या मुठी तीस वर्षं तेल प्यायल्या होत्या, म्हणून. हात सोड्याच्या पाण्याने घासून लालभडक झाले होते.

"तुजी फूटपट्टी दे," तो म्हणाला.

"मामा, त्या दिवशी मी..."

"ऱ्हाऊ दे रे. चूक माजीच हाय. दे पट्टी. हितं डोल्याचं काम न्हाय."

पंधरा दिवसांनी साहेबांनी खिशातून आपलं बारीक मापयंत्र काढलं आणि चाळीसच्या चाळीस पट्ट्या मोजल्या. मग चष्मा पुसला आणि त्यातल्या तीन पुन्हा मोजल्या.

"कुठल्या मशीनवर काढल्या?"

"मशीन न्हाय, साहेब. हातानं," मामा म्हणाला. बोलताना तो ताठ उभा होता.

आता राहिला नव्या पट्ट्यांचा जोड. साहेबांनी पटाशी मामाच्याच हातात दिली. "तोडा."

आपलं काम आपणच मोडायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती. त्याने पटाशी लावली. जाईना. मोगरी हाणली, तरी जाईना. तिसऱ्या घावाला कडाड आवाज झाला आणि लाकूड वेडंवाकडं फाटलं. सरसाची रेघ मधोमध शाबूत.

"फुटलं गो बाय!" मामी रडवेली झाली.

"फुटलं नाही मामी, पास झालं!" मी किंचाळलोच.

साहेबांनी परवानगीच्या कागदावर सही केली. मग फाटका तुकडा मामापुढे धरला. "यावर नाव लिहा. फाइलला लागतो. ज्याने जोड केला त्याचं."

मामाने पेन्सिल माझ्याकडे सरकवली. मी घेतली नाही. त्याने बांधलेल्या साठसत्तर होड्यांवर संतांची नावं होती, मालकांच्या बायकामुलींची होती. बांधणाऱ्याचं कुठेच नव्हतं, आणि त्याने ते मागितलंही नव्हतं. तो खाली बसला, तुकडा मांडीवर घेतला आणि जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढू लागला. पास्कोल इंत्रू ग्रेसेस. जागा पुरेना म्हणून आडनाव बारीक झालं.

तुकडा बॅगेत ठेवून साहेब बसने निघाले. मामा नाक्यापर्यंत पोचवायला गेला आणि बस दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यात उभा राहिला. परत येताना त्याने मला विचारलं,

"मुंबईला ते नीट ठेवतात ना रे?"

"कपाटात ठेवतात. कुलपात."

"मंग बरं," मामा म्हणाला, आणि पुढे चालू लागला.