ताटावरचं बोलावणं

अराबाबाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र ताकोराडीहून आलेलं, नातीकडून लिहून घेतलेलं. “मास्तर, माझ्या भट्टीचा धूर तुमच्या पुस्तकांत जात होता, हे मला आधीच कळायला हवं होतं. राग धरू नका. तुम्ही हो म्हणालात तर परत येऊन भट्टी पेटवीन, नाहीतर इथेच लेकीकडे राहीन.”

धुराचा काही प्रश्नच नव्हता.

अराबाबाई माझ्या भिंतीपलीकडे राहायच्या, मासे धुरावर सुकवून विकायच्या. जुलैत सरकार मासेमारी बंद ठेवतं, होड्या वाळूवर ओढल्या जातात आणि त्यांच्यासारख्यांच्या भट्ट्या थंड पडतात. त्याच दिवसांत एका दुपारी मी ओसरीवर केंकीचं, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या उकडलेल्या गोळ्याचं, पान सोडून बसलो होतो. सोबत मिरचीची चटणी आणि टिनमधल्या बांगड्याचा अख्खा डबा. अराबाबाई फाटकाशी आल्या.

आमच्या सॉल्टपॉन्ड गावात जेवणाऱ्यानं समोर आलेल्याला ‘इन्व्हायटेड’, म्हणजे ‘या जेवायला’, म्हणायचंच असतं. लग्नपत्रिकेवर हा शब्द कसा येतो, वाक्यात कुठे बसतो, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दाखवलं. पण इथे तो शाळेत न गेलेले कोळीही तोंडात घास असताना म्हणतात. समोरचा “झालंय माझं, चालू द्या” म्हणतो आणि पुढे जातो. न बोलावणं म्हणजे तुमचं-आमचं बिनसलं, असं जाहीर करणं.

मी बोलावलं नाही. नजर पुस्तकावर ठेवली आणि न वाचताच पान उलटलं. त्या क्षणभर थांबल्या. “बरं, मास्तर,” म्हणाल्या आणि गेल्या. काही दिवसांनी गावही सोडलं.

काल धाकटी बहीण एकुआ चर्चमधून परस्पर माझ्याकडे आली. टोपी काढायच्या आधीच सुरू झाली.

“दादा, होड्या कधीच्या सुटल्या! अराबाबाईच्या भट्टीत गवत उगवलंय. कळवलंस का तिला?”

“काय लिहावं ते सुचत नाही.”

“तुला? अख्ख्या गावाची प्रेमपत्रं दुरुस्त करून दिलीस की तू!”

मी तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

“बाजारातल्या बायका तुला नावं ठेवतात आणि ती तिकडून निरोप पाठवते, मास्तर भला माणूस आहे, चूक माझीच. धुराचा एवढा त्रास होता तर तोंडानं सांगायचं होतंस.”

“धुराचं नाही गं.”

“मग कशाचं?”

“मी बोलावलं असतं तर त्या बसल्या असत्या.”

एकुआला समजायला जरा वेळ लागला. मग ती हळूच म्हणाली, “एका डब्यासाठी, दादा?”

“मोठा डबा होता,” मी म्हणालो.

ती हसली असती तर बरं झालं असतं. तिनं टोपी काढून मांडीवर ठेवली, तिची कड चाचपत राहिली. “हे तिला कशाला कळवतोस? धुराचं काही नाही, या, एवढंच लिही. येईल बिचारी.”

ती गेल्यावर मी तेवढंच लिहिलं. वाचून पाहिलं. त्या एका ओळीत मी अराबाबाईंना माफ करत होतो. कागद फाडला आणि दुसरा घेतला.

“अराबाबाई, धुरानं माझं काही बिघडलं नाही. तुम्ही उपाशी आहात हे मला माहीत होतं. डबा मला एकट्याला खायचा होता, म्हणून बोलावलं नाही. भट्टी तुमची, जागा तुमची. माझ्या होकाराची गरज नाही. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तरी या.”

शेवटी ‘आपला’ लिहावं की नाही, यावर बराच वेळ घालवला. नुसतं नाव लिहिलं.

आज सकाळी पोस्टातल्या मुलीनं तिकीट चिकटवून पाकीट पोत्यात टाकलं. परत मागावं, असं तोंडापर्यंत आलं होतं. मागे रांग होती. मी बाजूला झालो.