चौकडीचा कोट

आमच्या घरातल्या बायकांचे अंगठे उलटे वळून मनगटाला टेकतात. माझ्या आईचे टेकायचे, माझे टेकतात, आणि माझी लेक चिंगी तर लहानपणी पाहुण्यांसमोर दोन्ही हातांचे करून दाखवायची. पाहुणे टाळ्या वाजवायचे आणि मी फुशारून जायचे. टाळ्या कशाला पडत होत्या, ते वीस वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. सांध्यांना जागेवर धरून ठेवणारं शरीरात जे काही असतं, तेच आमच्याकडे सैल. जन्मापासून सैल, आईकडून लेकीकडे आलेलं. म्हणून केस विंचरतानाही चिंगीचा खांदा निसटतो. त्यातच दुसरं दुखणं जडलंय. फार वेळ उभी राहिली की रक्त पायात उतरतं, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे बरं होणारं नाही, सांभाळायचं आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याआधी तीन डॉक्टरांनी "मनाचे खेळ आहेत" म्हणून तिला घरी पाठवलं होतं. त्यांची आठवण झाली तरी माझं डोकं फिरतं.

डॉक्टरीणबाई मलाही म्हणाल्या होत्या, तपासून घ्या. मी म्हटलं, "मला काय धाड भरलीये?" खरं तर माझा गुडघा जिन्यात सरकतो. मी कठड्याला टेकून तो परत बसवते आणि चालू लागते. बत्तीस वर्षं मी कोटांची काजं करतेय, पण कारखान्यात कुणाला पत्ता लागू दिला नाही. याचा मला अभिमान होता. आता सांगायला लाज वाटते, पण होता.

चिंगी त्याच कारखान्यात, कापायच्या टेबलावर. ती काही लपवत नाही. बोटांचे सांधे धरायला स्टीलच्या कड्या, पायात घट्ट मोजे, शेजारी मीठ घातलेल्या पाण्याची बाटली आणि बसायला उंच स्टूल. कटर उभ्यानंच कापतात, सगळीकडे हीच रीत. टेबलाभोवती फिरायचं, कापड हलवायचं नाही. त्यांच्यात ही महाराणी बसलेली. ते स्टूल माझ्या डोळ्यांत खुपायचं.

यंदा कटिंग मास्तर निवृत्त होणार होते. त्यांच्या जागेसाठी मालकीणबाईंनी परीक्षा ठेवली. चौकडीच्या कापडाचा एक कोट, चार तासांत कापायचा. बाहीवर, खिशावर, बाजूच्या शिवणीवर चौकडीची रेघ रेघेला मिळाली पाहिजे. उमेदवार दोघं. एक धिप्पाड कटर, ज्याला सगळे पैलवान म्हणतात, आणि आमची चिंगी. नऊ वर्षं ती दुसऱ्यानं केलेल्या खुणांवर कात्री चालवत होती. आता खुणा तिला स्वतः करायच्या होत्या. ती जागा तिला इतकी हवी होती, की आठवडाभर तिचं जेवणात लक्ष नव्हतं. ताटाशेजारी बोटानं रेघा मारत बसायची.

आणि मी काय केलं? परीक्षेच्या दिवशी तिच्या आधी अर्धा तास गेले आणि ते स्टूल उचलून कोठीत, कापडाच्या ठाणांमागे लपवून ठेवलं. म्हटलं, एक दिवस पोरीनं उभं राहून दाखवावं. मालकीणबाईंच्या मनात शंका नको. मी बत्तीस वर्षं काढली, हिला चार तास निघणार नाहीत?

चिंगी आली. टेबलाखाली वाकून पाहिलं. "आई, माझं स्टूल कुठाय?"

"मला काय माहीत? मी काय तुझ्या स्टुलाची राखण करते?"

शोधायला वेळ नव्हता. मालकीणबाईंनी घड्याळ लावलं होतं. चिंगी घोटभर पाणी प्यायली आणि उभी राहिली.

पैलवानानं कापड दुहेरी घातलं. सगळेच घालतात, एका कापात कोटाच्या दोन्ही बाजू निघतात. चिंगीनं मात्र घडी उलगडून कापड एकेरी पसरलं. तिच्या अंगठ्यांना दोन थर घट्ट धरता येत नाहीत, म्हणून तिनं स्वतःपुरती काढलेली ही युक्ती. खुणा दुप्पट, काप दुप्पट. मास्तरांच्या भुवया वर गेल्या.

पाऊण तास झाला. माझं काजांत कुठलं लक्ष लागतंय! तिचे ओठ पांढरे पडले. एका हातानं टेबल धरून ती रेघ मारत होती. मग खडू थांबला आणि तिनं डोळे मिटले.

"बाळ, झेपत नसेल तर राहू दे," मालकीणबाई म्हणाल्या. "त्यात कमीपणा नाही."

"झेपतंय," चिंगी म्हणाली. "फक्त बसायला हवंय."

बसायलाच तर हवं होतं तिला. कापायला नाही म्हणत नव्हती पोरगी. मला माझीच चीड आली. सुई कोटात खोचली, तडक कोठीत गेले, ठाणं बाजूला सारली. स्टूल घेऊन बाहेर येते तोच माझा गुडघा सरकला. सगळ्यांच्या देखत. मी भिंतीला टेकले आणि दोन्ही हातांनी तो जागेवर बसवला. कट्‌ करून आवाज झाला. मशिनी थांबल्या.

"काकू! काय झालं?" कुणीतरी ओरडलं.

"काही नाही, बत्तीस वर्षं होतंय," मी म्हटलं. "स्टूल मीच लपवलं होतं, मालकीणबाई. हिला जे आहे ते माझ्याकडून आलंय. मी झाकत राहिले आणि हिनंही झाकावं म्हणून हा शहाणपणा केला. हिचा वाया गेलेला वेळ हिला परत द्या. आणि हिला कुणी बिचारी म्हणालं, तर गाठ माझ्याशी आहे. मी बत्तीस वर्षं—"

"आई," स्टुलावर बसत चिंगी म्हणाली, "बत्तीस वर्षं तू काजं बसूनच करतेस."

सगळा कारखाना हसला. इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"आता मला कापू दे," ती म्हणाली.

"द्या तिला पाऊण तास," पैलवान म्हणाला. "नाहीतर मी जिंकलो तरी काकू मला सुखानं जगू देणार नाहीत."

दुपारी मास्तरांनी दोन्ही कोटांचे तुकडे टाचण्यांनी जोडले. पैलवानाचा कोट सुरेख होता, फक्त डाव्या बाहीवर चौकडी सुतभर घसरली होती. दुहेरी घडीत खालचा थर दिसत नाही, कापताना सरकतो. चिंगीच्या कोटावर मास्तरांनी चष्मा चढवून छातीपासून बाहीपर्यंत बोट फिरवलं. रेघ कुठेच तुटली नव्हती.

"चाळीस वर्षं मी डावी बाही देवाच्या भरवशावर सोडली," ते म्हणाले. "एकेरी कापायला तुला कुणी शिकवलं, पोरी?"

"माझ्या अंगठ्यांनी."

मालकीणबाईंनी तिथल्या तिथे जागा तिला दिली. माझा ऊर इतका भरून आला, की मी पैलवानाच्याच गळ्यात पडून रडले. चिंगी मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं. तिसऱ्या दिवशी बोलली ती एवढंच, "सोमवारी दवाखान्यात यायचंय तुला."

सोमवारी दवाखान्यातल्या नर्सनं कागद पुढे ओढला. "पेशंट कोण?"

"दोघी," मी म्हटलं. "पण हिला आधी सोडा. ही कटिंग मास्तर आहे, हिच्यावाचून तिकडे कात्र्या थांबल्यात."