माळ्यावरची हाळी

"बंदूक अजून भरू नका," रानातल्या राखणीच्या माळ्यावर चढता चढता जयसिंगने सांगितलं.

रणजितने काडतूस बोटांत तसंच धरलं. तो कर्वेनगरहून आलेला नेमबाज. रानडुकरं मारायची वनखात्याची परवानगी खिशात घेऊनच आला होता. "का हो, काका?"

"हाळी द्यायची ऱ्हायलीय."

लोणी काळभोरच्या त्या रानात ज्वारी हुरड्यात आली होती आणि ओढ्यातून वर येणाऱ्या डुकरांनी निम्मं पीक लोळवून टाकलं होतं. पुढल्या साली इथं पेरा नव्हता. भावकीने मिळून जमीन बिल्डरला देऊन टाकली होती. या शेवटच्या पिकाची पहिली पाटी गावच्या सप्त्याला घालायची, तिथल्या भाकरीत आपला दाणा असावा, एवढीच जयसिंगची इच्छा. आज डुकरं आवरली नाहीत, तर सप्त्याला न्यायला नुसता कडबाच उरणार होता.

"कसली हाळी?"

जयसिंग मांडी घालून बसला. पूर्वी शिवारात जागोजाग असे माळे होते आणि माळ्यामाळ्यावर राखणीची माणसं. बंदूक तेवढी एकट्या बद्रीनाथची. दिवस मावळला की तो खड्या आवाजात "बोला, पुंडलिक वरदे" म्हणायचा आणि अंधारातून एकेका माळ्यावरून "हारी विठ्ठल" उमटत जायचं. ज्याची ओ आली तो आपल्या जागी आहे. मग उजाडेपर्यंत त्याने खाली पाय ठेवायचा नाही. एखादी ओ आली नाही, तर समोर कळप उभा का असेना, बद्रीनाथ बंदूक भरायचा नाही. एकदा जयसिंगचा संध्याकाळीच डोळा लागला, तर बद्रीनाथ रात्रभर रिकामी बंदूक मांडीवर घेऊन बसला आणि सकाळी म्हणाला, "डुकरांनी न्हाई, तुझ्या घोरण्यानं खाल्ला माझा भुईमूग." पुढं वर्षभर भेटेल त्याला तेच सांगत सुटला होता.

बद्रीनाथ गेल्या दिवाळीत गेला. त्याच्या रानात आता उंच इमारत उभी होती.

"काका, बंदुकीवरच्या या दुर्बिणीतून अंधारातलं माणूससुद्धा दिसतं," रणजित म्हणाला. "आपण शिकारीला बसलोय की कीर्तनाला?"

"दोन्हीकडं रीत एकच हाय. मागं टाळकरी उभं ऱ्हायल्याबिगर बुवा तोंड उघडत न्हाईत."

जयसिंगने घसा साफ केला. "बोला, पुंडलिक वरदे..."

आवाज ज्वारीवरून गेला, इमारतीवर आपटला आणि त्याचा त्याच्याकडेच परत आला. त्याने पुन्हा हाळी दिली. लांब हायवेवरच्या गाड्यांची घरघर तेवढी ऐकू आली.

"काका, आता कोण उरलंय इथं ओ द्यायला?"

खरंच होतं ते. ज्वारीकडे बघून जयसिंगचा जीव तुटत होता, पण बंदूक भरा म्हणायला जीभ रेटेना.

"ऱ्हाऊ द्या मग," तो शेवटी म्हणाला. "भरू नका."

रणजितने काडतूस खिशात टाकलं.

तेवढ्यात मागून, घराच्या ओट्यावरून, चिरका, धाप लागलेला आवाज आला, "हारी विठ्ठल..."

मथुराबाई, त्याची बायको. लग्न होऊन आल्यापासून तिने ही हाळी चुलीपुढे भाकऱ्या थापताना ऐकली होती. ओ कधी दिली नव्हती. बाईमाणसाने द्यायची रीतच नव्हती.

जयसिंगने वळून ओट्याकडे पाहिलं.

"शिवारात उरलं हुतं तेवढं माणूस बोललं," मग म्हणाला. "भरा आता."

शेजारी बंदुकीचा खटका वाजला. जयसिंगचा कान अजून बद्रीनाथच्या रानाकडेच होता.