वाचणाऱ्यांना विचारायचा प्रश्न

तेम्वानानीच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण मलावी सरोवरात बुडालेल्या कोळ्यांच्या घरच्यांवर होतं. त्यासाठी ती तीन वर्षं न्यागोंद्वेच्या अंगणात जाऊन बसत होती. न्यागोंद्वेचा मुलगा वेझी होडीसकट गेला, देह मिळाला नाही. शेवटी नातेवाइकांनी ठरवलं की त्याचा सदरा पुरायचा, आईचे केस उतरवायचे आणि दुखवटा संपवायचा.

न्यागोंद्वेनं तेम्वाकडे एकच मागणं केलं होतं. पुस्तक लांबलांबची माणसं वाचतात, तर त्यांना विचार: डाव्या घोट्यावर जाळ्याचा व्रण असलेला माणूस कुणी पाहिलाय का?

तेम्वानं प्रकरण त्याच प्रश्नावर संपवलं. तिचे मार्गदर्शक डॉ. कचाली वर्गात सांगायचे की वाचकाला बरोबर घेऊन चाला, 'आपण पाहू', 'लक्षात घ्या' असं म्हणा. पण या ओळीवर त्यांनी काट मारली.

"बरोबर घ्यायचं म्हणजे त्याच्या दारात बसून रडायचं नाही, तेम्वानानी. वाचक मुद्दा तपासायला आलेला असतो."

त्याऐवजी छापलं गेलं: बेपत्ता व्यक्तीच्या ठावठिकाण्याबाबत कुटुंबात अनिश्चितता आढळते. मुदतीला चार दिवस होते. तिनं वाद घातला नाही.

दुखवटा संपवायच्या आठवड्यात ती बांधलेली प्रत घेऊन गावी गेली. इंग्रजी मजकूर गावच्या तुंबुका भाषेत सांगत गेली. प्रकरणाच्या शेवटच्या पानावर न्यागोंद्वेनं बोट ठेवलं.

"इथे विचारलंस ना?"

बोटाखाली 'अनिश्चितता आढळते' हे वाक्य होतं. "हो, आई," तेम्वा म्हणाली आणि कागदावर नसलेला प्रश्न तिनं वाचून दाखवला, व्रणासकट.

शनिवारी सगळे जमले. खड्डा खणून झाला, वस्तरा आला. न्यागोंद्वेनं डोक्यावरचं फडकं सोडलं नाही.

"बाहेरच्या लोकांना विचारलंय," ती म्हणाली. "उत्तर येईपर्यंत केस देणार नाही."

तिच्या भावाला हसू आलं. "ताई, पुस्तकाला कधी कुणी उत्तर देतं का?"

"चौथीत दोनदा बसलास तू. तू नको शिकवू."

बायकांत हशा पिकला. तेम्वा त्यांच्यातच चटईवर बसली होती. सांगायचं असेल तर आत्ताच, हे तिला कळत होतं. भावानं खड्डा रिकामाच बुजवला. मक्याच्या पिठाचा न्सिमा आणि मासे खाऊन पाहुणे आपापल्या गावी गेले.

न्यागोंद्वे येऊन तेम्वाशेजारी टेकली. घडी केलेला सदरा तिच्या मांडीवर होता.

"किती दिवस लागतात गं त्यांना वाचायला?"