अस्वलाचं हरवलेलं नाव

माझ्या सासूबाई, साळूबाई, दोन नावं कधीच तोंडातून काढत नाहीत. एक बिबट्याचं, दुसरं माझ्या सासऱ्यांचं. बिबट्याला त्या 'त्यो' म्हणतात, सासऱ्यांना 'ह्ये'. नाव घेतलं की बिबट्या येतो आणि नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असा त्यांचा सरळ हिशेब. मी मात्र पुणतांब्यात घरी बसून, मोबाईलवर, परदेशी निघालेल्या नर्सिंगच्या पोरींना जर्मन शिकवते. त्यामुळे शब्दांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

त्या संध्याकाळी आत्या, म्हणजे सासूबाई, आणि मी स्लॅबवर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करत होतो. खालच्या उसात मामा, म्हणजे माझे सासरे, पाणी द्यायला शिरले होते.

"त्यो काल नदीच्या अंगाला दिसला म्हनं," आत्या म्हणाल्या.

"बिबट्या म्हणा की! जीभ झडते का?"

"तू गप गं निकिता. तुला काय ठावं?"

मला ठाऊक होतं, म्हणून तर बोलले. "आत्या, युरोपात तुमच्यासारखीच माणसं होती. त्यांना अस्वलाची भीती. जर्मनांचे आणि इंग्रजांचे पूर्वज त्याचं नावच घेईनात. 'तपकिरी' म्हणायचे. त्यातूनच त्यांचा 'बेअर' आला, असं अभ्यासक सांगतात. रशियन त्याला 'मेद्वेद' म्हणतात, म्हणजे मध खाणारा. ग्रीकांनी, रोमनांनी मात्र जुनं नाव टिकवलं. 'आर्क्तोस', 'उर्सुस'. आपल्या संस्कृतातला 'ऋक्ष' त्यांचाच चुलतभाऊ."

"आन् त्या तपकिरीवाल्यांचं?"

"ते खरं नाव पार विसरून गेले. आज त्यांना विचाराल, तर सांगता यायचं नाही."

"विसरना का! आस्वलं कमी आली आसत्याल," आत्या म्हणाल्या आणि मिरच्या पाटीत ओतू लागल्या. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

मी हसत उठले आणि उसाकडे पाहिलं. बांधावर बिबट्या बसला होता. मामा ज्या सरीत शिरले होते, तिच्याकडे मान वळवून. मामांचा मोबाईल घरात चार्जिंगला होता.

"मामा! मामा, बाहेर या!" मी ओरडले.

"आलो, आलो," उसातून आवाज आला. पण ऊस काही हलला नाही.

आत्या कठड्याशी धावल्या. "आवोऽऽ! भायेर या आदी!"

"आलो गं!"

हे 'आलो' मला चांगलं माहीत होतं. जेवायला वाढलं तरी हेच, पाहुणे आले तरी हेच. आत्यांच्या 'आवो'ला उभ्या संसारात हेच उत्तर मिळालेलं आणि त्यानंतर माणूस यायचा तो हातातलं काम संपल्यावर. बिबट्या उठला. अंग ताणून बांधाच्या कडेला आला.

आत्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला.

"भिमाजीऽऽ!"

असा आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. बिबट्या दचकून पलीकडच्या घासाच्या शेतात उतरला आणि दिसेनासा झाला. इकडे ऊस कडाकडा मोडत मामा बाहेर आले, चिखलाने भरलेले, फावडं तिथेच टाकून, धावत. आम्ही जिना उतरलो तोवर ते अंगणात पोचले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"कोन गेलं? काय झालं?"

"बिबट्या होता, मामा. तुमच्या सरीच्या तोंडाशी."

त्यांनी ते ऐकलंच नाही. ते आत्यांकडे बघत होते. आत्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून रडत होत्या, तोंडावर पदर धरून. "काय केलं म्या! माज्या त्वांडातनं नाव गेलं..."

मला त्यांना समजावायचं होतं की त्या नावानेच आज माणूस वाचला. पण मामा त्यांच्याजवळ जाऊन तसेच चिखलाचे बसले.

"आय गेल्यापास्नं मला ह्या नावानं कोनी हाकच मारली न्हाई," ते म्हणाले. "गाव आबा म्हनतं. पोरं दादा म्हनत्यात, सून मामा म्हनती. उसात वाटलं, आयच बोलावती."

लग्न होऊन आल्यापासून मीही त्यांना त्या नावाचा माणूस म्हणून कधी पाहिलं नव्हतं.

आत्यांनी डोळे पुसले. मग इकडेतिकडे पाहून, अगदी हळू म्हणाल्या, "भिमाजी, हातपाय धुवा. भाकरी टाकते."

मामा त्या हाकेला लगेच उठले.