'मूळ'ची शेवटची चिठ्ठी

बाबा गेल्यावर महिन्याभरानं शब्दकोश मंडळातून मंदार नावाच्या संपादकांचा फोन आला. 'मूळ' या शब्दाची नोंद तेवढी राहिली आहे, पानं शुक्रवारी छपाईला जातात. त्यासाठी मी पुण्याहून आले आणि टी.व्ही. सेंटरमागच्या आमच्या घराचं कुलूप काढलं.

बाबा निवृत्त शिक्षक. वीस वर्षं त्यांनी या कोशासाठी वेगवेगळ्या कामांतले शब्द जमवले. अर्थ पुस्तकातून घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम. माणसाशी बोलत बसायचं, तो शब्द आपण उच्चारायचा नाही. समोरच्यानं आपणहून वापरला की त्याचं वाक्य चिठ्ठीवर उतरवायचं आणि खाली त्याची सही घ्यायची.

'मूळ'च्या सात चिठ्ठ्या लिफाफ्यात होत्या. रोपवाटिकेतला माळी: "मूळ धरलं नाही अजून, कुंडी हलवू नका." गणिताच्या बाई: "मूळ काढलंस ना, आता वर्ग करून ताळा बघ." तलाठी: "मूळ मालक मयत आहे, वारस कोण?" एका ज्योतिषाचंही वाक्य होतं: "मुलीचं नक्षत्र मूळ निघालं आणि स्थळ परत गेलं." त्याच्या कडेला बाबांच्या बारीक अक्षरात, "मला हे मान्य नाही. पण शब्द त्यांचा आहे."

सातवी चिठ्ठी जानेवारीतली. "मूळ: सासरच्या मुलीला माहेरी न्यायला आलेला माणूस. साक्षीदार: मेघा." वाक्याची जागा रिकामी. खाली, "आधी सांगायचं नाही."

मेघा म्हणजे मी.

जानेवारीत बाबांचा फोन आला होता. "मी तुला न्यायला यायचो, तेव्हा शेजारणींना काय सांगायचीस गं?" मी ऑफिसात होते. "बाबा, नंतर बोलू," मी म्हणाले. नंतर बोलणं झालं नाही. लग्नानंतर सहा वर्षं दर उन्हाळ्यात ते एसटीनं यायचे, एक रात्र राहून मला घेऊन जायचे. आम्ही गाडी घेतली, तेव्हा मीच म्हणाले होते, "आता कशाला येता?"

मंदारना फोन करून सांगितलं, की एक चिठ्ठी रिकामी आहे.

"ताई, तुम्हीच लिहा ना एखादं वाक्य. तपासतंय कोण?"

पेन हातात घेतलं. मला त्या चिठ्ठीवर राहायचं होतं. पण मी शेजारणींना एवढंच सांगायची, की बाबा आलेत. तो शब्द माझ्या तोंडात कधी नव्हता, आणि आता तर मी चिठ्ठी वाचली होती.

गुरुवारी सकाळी शेजारच्या आशाबाईंनी दार वाजवलं. "मेघे, नळाला पाणी आलंय! आज नाय भरलं तर पाच दिवस कोरडी बसशील."

भरून झाल्यावर त्या चहाला बसल्या. मी विचारलं, "मावशी, तुम्ही नवी नवरी असताना माहेरी कशा जायचात?"

"पायी! विमान ठेवलं व्हतं का बापानं?"

"एकट्याच?"

"एकटीला सोडायची का सासू? दादा यायचा. शेंगा आणायचा, त्या बी सासूच ठेवून घ्यायची." त्या हसल्या.

मी गप्प राहिले. बाबा असेच गप्प बसत असतील, तासन् तास, परक्यांच्या ओट्यांवर.

आशाबाई बशीकडं बघत म्हणाल्या, "एका साली मूळच आलं नाय. दादा आजारी व्हता. मी आपली रोज लुगडं बदलून बसायची. लई रडले."

मी चिठ्ठी ओढून ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं. मग माझं नाव खोडलं. एकच रेघ; बाबा खोडायचे तशी, खालचं वाचता येईल अशी.

"काय लिव्हती?"

मी वाचून दाखवलं.

"हे छापणार? अगं बया! तुझं नाव का खोडलं?"

"बाबा विचारत होते तेव्हा मला वेळ नव्हता."

त्यांनी चिठ्ठी आपल्याकडं ओढली. पेन घेऊन, एकेक अक्षर जुळवत सही केली. गावाच्या रकान्यात मी सासरच्या गावाचं नाव लिहायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला.

"ते नगं. माहेरचं लिव्ह."