काळुराम पाटलाच्या गुडघ्यातली सुई

१८९८ सालच्या माघात काळुराम पाटलाच्या थोरल्या मुलाचं लग्न झालं. त्यात लग्नाची गाणी गाणारी धवलारीण होती ठमाबाई. ठाण्याच्या खाडीकाठच्या त्या मिठागरी गावात भटजी उशिरा आला तरी चाले. धवलारीण नसली तर हळद अडून बसे. देवांना गाण्यातून मांडवात बोलवायचं आणि मग त्या देवांच्या साक्षीने वरबापाची यथेच्छ बेअब्रू करायची, ही तिची दोन कामं. लोक दुसऱ्या कामासाठी लवकर येऊन जागा धरत.

काळुराम अंगाने भरलेला. ठमाबाईने गायलं,

‘वरबाप बसलाय पाटावरी,
उठवाया लागतील बैल चारी.’

मांडव हसला. काळुरामही हसला. पंधरा दिवसांनी मिठागरात पाटी उचलायला तो उकिडवा बसला आणि त्याला उठता येईना. उजवा गुडघा सुजून नारळ झाला. चार माणसांनी त्याला उचलून घरी आणलं. चारच! मग गावाला आणखी पुरावा लागला नाही.

धाकू भगताने सुपात तांदूळ टाकून पाहिले आणि करणी झाल्याचं सांगितलं. गुडघ्यात सुई आहे, ती ठमाबाईने गाण्यातून घातली आहे, आणि हळूहळू काळजाकडे सरकते आहे. सुई काढायला मात्र त्याने नकार दिला. फार खोल गेली होती म्हणे. कोंबडी त्याने नेली.

पंच बसले. गोपीनाथ पाटील पंचांचा मुख्य. ठमाबाईने होळीच्या आत गाव सोडावं, असं ठरत आलं. तीस वर्षं गावातल्या प्रत्येक जोडप्याला हळद लावलेली बाई. तिला दुसरं गाव नव्हतं आणि दुसऱ्या गावाला दुसऱ्याची धवलारीण नको होती.

“सुई हाय ना?” ती उभी राहून म्हणाली. “मंग दाखवा. ठान्याला थॉमस डाक्तरानं विलायतेचा पेटारा आनलाय. त्यात मानसाची हाडं दिसतात. भाजी विकाया जाते तवा त्याच्या घरच्या अ‍ॅग्नेसबायनं सांगितलं मना. सुई दिसली तर मी आपल्या पायानं जाते.”

पंचांना ही सूचना न्यायाची वाटली. शिवाय पेटारा सगळ्यांनाच बघायचा होता. दुसऱ्या दिवशी होडीत बसून सगळे ठाण्याला गेले.

डॉक्टर थॉमस मुंबईत शिकलेले, ठाण्याचेच ख्रिस्ती गृहस्थ. पेटाऱ्यावर त्यांचा फार जीव. त्यांनी काळुरामाचा गुडघा फोटोच्या काचेवर ठेवला, वर काचेची नळी आणली आणि कळ दाबली. तडतड ठिणग्या उडाल्या, नळी हिरवी उजळली. हा आपलाच धंदा आहे, हे धाकूने ताबडतोब ओळखलं.

“पाव तास हलायचं नाही,” डॉक्टर म्हणाले.

गुडघा हलला नाही. तोंडाने काळुराम पाव तास देवांची नावं घेत होता.

अंधाऱ्या खोलीत काच धुऊन डॉक्टरांनी ती खिडकीशी धरली. हाडं दिसली. खरोखरची! आणि सांध्याच्या कडेला एक बारीक, अणकुचीदार टोक.

“ही बगा सुई!” धाकू ओरडला.

ठमाबाई काचेजवळ येऊन ते टोक निरखू लागली.

“सुई नाही हो, हाडच आहे ते,” डॉक्टर म्हणाले. “सांधा झिजला की कडेला हाड असं वाढतं. मधली फट पाहा, किती कमी झालीय. लोखंड असतं तर याहून किती ठळक दिसलं असतं!”

“लोखंड कोन म्हनतो? मंतरलेल्या हाडाची सुई हाय ती,” धाकू म्हणाला. सुईने धातू फार चटकन बदलला.

पंच माना डोलावू लागले. आत काहीतरी आहे, यावर डॉक्टर आणि भगत दोघांचं एकमत होतं. वाद काय तो नावाचा. ठमाबाईने हे पाहिलं आणि ती डॉक्टरांकडे वळली.

“धाकूचा बी गुरगा काचंवर काढा.”

“माजा? मना काय जालंय?”

“तू देवाम्होरं बसतोस तवा कट्ट वाजतं ते काय देव बोलतो?”

गोपीनाथ हसू दाबत म्हणाला, “बस रं धाकू. मोठ्या डाक्तराचं मन मोडू नये.”

धाकू टेबलावर चढला तेव्हा गुडघा सगळ्यांनी ऐकला. पाव तास गेला, काच धुतली गेली, खिडकीशी आली. टोकं दोन होती.

“दोन सुया!” गोपीनाथ म्हणाला. “तुज्यावर कोनी करनी केली, भगता?”

धाकूने गुडघा चोळला. करणी म्हणावी, तर स्वतःला न वाचवणारा भगत कोण बोलावणार?

शेवटी तो हळूच म्हणाला, “उमर जाली.”

“मंग काळुरामाची बी उमरच,” गोपीनाथ म्हणाला. “बाय, तू घरला चल.”

ठमाबाईने पदराने तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. काळुरामाने डॉक्टरांचा हात धरला. “म्हनजे ती वर चढनार नाय? काळजाकडं?”

“हाड जागचं हलत नाही. दुखेल. तेल लावा, शेका, काठी घ्या. उकिडवं बसू नका.”

“मिठाची पाटी उभ्यानं उचलू?” काळुरामाने विचारलं, पण आनंदाने. भीतीने तो कितीतरी रात्री कूस न बदलता उताणा झोपला होता.

“डाक्तर, माजा बी काढा,” ठमाबाई म्हणाली.

“तुम्हाला दुखतं?”

“मीबी पाट्याच उचलल्या की. दुखतंय तर! पन मी कवा कुनाचं नाव घेतलं?”



वैशाखात त्याच्या धाकट्याचं लग्न निघालं. पान-सुपारी घेऊन, काठी टेकत काळुराम स्वतः ठमाबाईच्या दारी गेला.

“बाय, काय बी गा. गुरग्याचं नको.”

“बरं.”

तिने शब्द पाळला. हळदीला मांडव गच्च भरला तेव्हा तिने गायलं,

‘ठान्याच्या डाक्तरानं हाडनहाड पाहिलं,
अक्कल सापडंना म्हून घराला धाडिलं.’

सगळ्यांत मोठ्याने काळुराम हसला. पाटावरून उठायची वेळ आली, तेव्हा न बोलावता चौघे पुढे आले.